पाण्यातला अमीबा आणि मेंदूचा संसर्ग: नाक कसं सांभाळायचं

नेगलेरिया फाउलेरी हा अमीबा (एका पेशीचा सूक्ष्म जीव) गोड्या, कोमट पाण्यात आणि तळाच्या गाळात राहतो. ते पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पण तेच पाणी नाकात जोरात शिरलं, की अमीबा वास घेणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेने, नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूत पोहोचतो आणि तिथल्या पेशी नष्ट करतो. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण झालेल्यांपैकी 97 टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात. म्हणून सगळी खबरदारी नाकाभोवतीच घ्यायची.

सर्वांत जास्त चूक होते ती जलनेती करताना, म्हणजे नाक धुताना. पिण्यायोग्य पाणी नाकासाठीही योग्य असेलच असं नाही. पाणी खळखळून उकळू लागलं की पुढे किमान 1 मिनिट उकळा (2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर 3 मिनिटं). झाकण ठेवून आपोआप कोमट होऊ द्या. घाई झाली म्हणून त्यात नळाचं गार पाणी ओतलं, तर उकळण्याचा सगळा उपयोग गेला. उरलेलं पाणी स्वच्छ, बंद भांड्यात ठेवून 24 तासांत वापरा. मीठ घातल्याने पाणी निर्जंतुक होत नाही. विकतचं पाणी घ्यायचं तर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘स्टराइल’ लिहिलेलंच घ्या. नेतीचं भांडंही याच पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

हा अमीबा 46 अंश सेल्सिअसपर्यंत वाढतो, त्यामुळे कडक उन्हाळ्यात उथळ तळी आणि गरम पाण्याचे झरे जास्त धोक्याचे. तिथे सूर मारू नका, डोकं पाण्याबाहेर ठेवा, तळाचा गाळ ढवळू नका. बुडी मारायचीच असेल तर नाकाला क्लिप लावा. समुद्राच्या पाण्यात तो आढळत नाही. पोहण्याच्या तलावात मुक्त क्लोरीन किमान 1 पीपीएम (दहा लाख भागांत 1 भाग) आणि पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप) 7.2 ते 7.8 हवा. कडक उन्हात क्लोरीन लवकर उडून जातं, म्हणून सकाळच्या मोजणीवर दिवसभर विसंबू नका. मुलांचा छोटा हौद रोज रिकामा करून, घासून, वाळवून ठेवा.

लक्षणं 1 ते 12 दिवसांत, बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास दिसतात: तीव्र डोकेदुखी, ताप, मळमळ, उलट्या. मग मान आखडते, भान हरपतं, झटके येतात. त्यानंतर हातात फार थोडे दिवस असतात. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ‘नाकात पाणी गेलं होतं’ हे स्वतःहून सांगा, कारण चित्र जिवाणूजन्य मेंदूज्वरासारखंच दिसतं.

प्रयोगशाळेतही इथेच गल्लत होते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर कमी, पण ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून पाहण्याच्या चाचणीत) जिवाणू नाहीत, असं असेल तर अमीबाचा संशय घ्यायला हवा. नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये. ताज्या थेंबात हलणारा अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली लगेच शोधावा. पीसीआरने (अमीबाचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने) खात्री होते, पण अहवालासाठी उपचार थांबवायचे नसतात. अँफोटेरिसिन बी, मिल्टेफोसिन आणि सोबत इतर औषधं एकत्र दिली जातात.

अकँथामीबा आणि बालामुथिया हे अमीबा वेगळे. ते त्वचेच्या जखमेतून किंवा श्वासावाटेही शिरतात आणि मेंदूचा आजार आठवडे-महिने हळूहळू वाढतो.

नेगलेरिया माणसाकडून माणसाला लागत नाही, म्हणून रुग्णाच्या सेवेला घाबरायचं कारण नाही. मात्र त्याच तळ्यात पोहलेल्या किंवा त्याच पाण्याने नाक धुतलेल्या प्रत्येकावर 12 दिवस लक्ष ठेवा.