थ्रीडी प्रिंट केलेला गिअर खान्देशचा उन्हाळा काढत नाही? या चुका टाळा

वैशाखात शेवया-कुरडयांचा हंगाम लागला की जळगावातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपात तुटके गिअर यायला लागतात. पारोळ्याकडच्या एका आबांनी रुमालाची गाठ सोडून शेवयाच्या मशीनचा गिअर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, दात तुटी गयात."

मी गिअर हातात घेऊन पाहिला. दात तुटलेले नव्हते. उन्हात ठेवलेली मेणबत्ती झुकते तसे सगळे दात एकाच बाजूला झुकले होते. कुणीतरी तो थ्रीडी प्रिंटरवर, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक रचून, पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढून दिला होता. दुसऱ्या एकाने त्यांना सल्ला दिला होता, "इन्फिल शंभर टक्के करा, टिकेल." इन्फिल म्हणजे गिअरच्या आतला भराव. तो शंभर टक्के केला असता तरी गिअर असाच झुकला असता.

म्हणून नवीन प्रिंट टाकण्याआधी जुना गिअर नीट बघा. झुकलेले दात म्हणजे उष्णता. थराच्या रेषेत सुरीने कापल्यासारखा सपाट तुटलेला दात म्हणजे प्रिंट करताना गिअर चुकीच्या बाजूने ठेवला. मुळाशी खडबडीत तुटला असेल तर दाताच्या ताकदीपेक्षा भार जास्त पडला. दात झिजून टोकदार झाले असतील तर धूळ आणि कोरडं घर्षण. आणि गिअर शाबूत असून शाफ्ट (गिअर ज्यावर बसतो तो दांडा) आतल्या आत फिरत असेल, तर दोष मधल्या भोकाचा आहे. पाच दुखण्यांना एकच औषध चालत नाही, आणि बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

उन्हाळा हिशेबात न धरणं

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक. पीएलए 55 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि सतत भार असेल तर त्याच्याही आधी हळूहळू आकार सोडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्यात भर पडते, शेजारी मोटर तापलेली असते, आणि दातावर दात घासून निघणारी उष्णता वेगळीच. प्लास्टिक ही उष्णता लोखंडासारखी पटकन बाहेर सोडत नाही, ती दातातच साठते. त्यामुळे सकाळी अर्धा तास चालवून "मस्त चालतंय" म्हणण्यात अर्थ नाही. दुपारी दोन वाजता, पूर्ण भारावर, तासभर चालवा. मग मशीन बंद करून, प्लग काढून गिअरला हात लावा. हात ठेववत नसेल तर पीएलए तिथे टिकणार नाही.

पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक साधारण 80 अंशांपर्यंत तग धरतं, पण घासून लवकर झिजतं. एबीएस हे तिसरं प्लास्टिक त्याहून जास्त गरमी सोसतं. सतत फिरणाऱ्या गिअरला माझी पहिली पसंती नायलॉन. ते चिवट आहे आणि घर्षणही कमी. जोडीतला एक गिअर धातूचा ठेवता आला तर फारच उत्तम, कारण तो उष्णता ओढून घेतो. प्लास्टिकवर तेच प्लास्टिक घासणं मात्र टाळा.

नायलॉनला एक जपणूक लागते. ते हवेतलं पाणी पितं. पीए6 जातीचं नायलॉन पूर्ण भिजलं तर वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी धरतं, पीए12 दोन टक्क्यांच्याही आत राहतं. ओला फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) नोझलमधून, म्हणजे प्रिंटरच्या तोंडातून, चटचट आवाज करत येतो, थर नीट चिकटत नाहीत. प्रिंटआधी 70-80 अंशांवर आठ-दहा तास वाळवा. आणि लक्षात ठेवा, मे महिन्यात घट्ट बसवलेला नायलॉनचा गिअर जुलैत फुगतो आणि जाम होतो. दातांमध्ये 0.2 मिमीच्या आसपास मोकळीक ठेवा.

गिअर आडवा की उभा?

गिअर ताटासारखा सपाट ठेवून प्रिंट करायचा. तेव्हा प्लास्टिकचे धागे दाताच्या कडेने सलग वळतात आणि भार त्या सलग धाग्यांवर येतो. घोटाळा होतो तो गिअर आणि शाफ्ट एकाच तुकड्यात काढण्याच्या मोहात. शाफ्ट आडवा झोपवला की वरच्या आणि खालच्या बाजूचे दात मुळाशी थराथरात सुटतात, कडेचे मात्र शाबूत राहतात. उभा ठेवला तर दात वाचतात, पण शाफ्टच थरात मोडतो. यावर उपाय एकच, गिअर सपाट प्रिंट करा आणि शाफ्ट लोखंडी घाला.

बारीक दात

मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप, आकडा मोठा तसा दात मोठा. मॉड्यूल 1 च्या दाताची जाडी मध्यावर 1.57 मिमी असते. 0.4 मिमीच्या नोझलने त्यात जेमतेम साडेतीन रेषा बसतात, म्हणजे मध्ये पोकळी राहते. इन्फिलचा आकडा वाढवून ती नीट भरत नाही. बाहेरच्या भिंती चार-पाच रेषांच्या ठेवा, आणि स्लायसरच्या (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रीव्ह्यूमध्ये दाताचा कट स्वतः डोळ्यांनी बघा. दाताच्या मुळाशी गोलाई द्या, टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

जागा असेल तर आधी गिअरची रुंदी वाढवा. रुंदी दुप्पट केली की दातावरचा ताण जवळपास निम्मा होतो आणि जोडीदार गिअर बदलावा लागत नाही. मॉड्यूल बदलायचं तर जोडीतले दोन्ही बदलावे लागतात. उदाहरणार्थ, मॉड्यूल 1 चे 20 आणि 60 दात असतील तर दोन शाफ्टमधलं अंतर 40 मिमी. मॉड्यूल 1.25 घेऊन 16 आणि 48 दात केले तरी अंतर तेच 40 राहतं. मॉड्यूल 2 चा मोह नको. त्यात छोट्या गिअरला फक्त 10 दात उरतात, आणि 17 च्या खूप खाली गेलं की दाताचं मूळ कोरलं जाऊन बारीक होतं.

मधलं भोक

प्लास्टिकमध्ये थेट ग्रब स्क्रू (गिअर शाफ्टवर पक्का धरणारा, टोपी नसलेला स्क्रू) आवळू नका. आठवडाभरात प्लास्टिक दबतं आणि स्क्रू ढिला होतो. पितळेचा इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) तापवून बसवा, किंवा धातूचा हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) चार बोल्टांनी जोडा.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा टेफ्लॉनचं वापरा, तेही पातळ थरात. जिनिंगजवळ किंवा दालमिलमध्ये मशीन असेल तर आधी झाकण करा. उघड्या ग्रीसवर धूळ बसली की त्याचा पॉलिश पेपर होतो. एबीएसचा गिअर थिनरने पुसू नका, ते विरघळतं.

आबांचा गिअर नायलॉनमध्ये काढला, रुंदी 10 वरून 16 मिमी केली, मध्ये लोखंडी हब बसवला. एक जादा गिअरही प्रिंट करून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत दिला. जाता जाता त्यांनी विचारलं, कडबाकुट्टीचाही असाच करून द्याल का? मी नाही म्हणालो. जिथे माणसाचा हात आत जाऊ शकतो किंवा डोक्यावर वजन टांगलेलं असतं, तिथला गिअर मी प्रिंट करत नाही. त्यांना गिअर कापणाऱ्या कारागिराचा पत्ता लिहून दिला.