वय वंदना कार्ड काढायला निघायच्या आधी

आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांना दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर फुकट उपचार मिळायचं सरकारी कार्ड, निघालं एकदाचं, दोन हेलपाटे फुकट गेल्यावर तिसऱ्या खेपेला, आणि काम होतं जेमतेम पंधरा मिनिटांचं. म्हणून आता भावकीतलं कोण विचारायला लागलं की मी पहिलं हेच विचारतो, आधार कार्ड बघितलंय का नीट? कारण कागद म्हणाल तर लागतो तो एवढाच. उत्पन्नाचा दाखला नको, पिवळं-केशरी रेशनकार्ड नको, ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं, शेतकरी असो नाहीतर बंगलेवाला. २९ ऑक्टोबर २०२४ ला हे चालू झालं तरी आमच्या तासगाव भागात अजून लोक म्हणतात की "ते गरिबांचं असतंय".

तर आधारवरची जन्मतारीख बघा. वय तिथलंच धरतात, तुम्ही कितीही सांगा की बाबा मोठ्या दुष्काळाच्या आधीचे आहेत म्हणून. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो ते चालतं, पण साल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करायला लागतं आणि जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, त्यामुळे कोणता पुरावा चालतो ते आधार केंद्रात विचारूनच अर्ज द्या.

मग मोबाईल. आधारला जो नंबर जोडलाय तो चालू आहे का आणि तो फोन आत्ता कुणाकडं आहे? आमचा पहिला हेलपाटा इथंच गेला, आईच्या आधारला धाकट्याचा जुना नंबर होता आणि ते सिम त्यानं कधीच फेकून दिलेलं. ओटीपी जाणार कुठं! नंबर बदलायचा तर माणसाला स्वतः आधार केंद्रात नेऊन बदलून घेता येतो.

ओटीपी नसला तर बोट, डोळा किंवा चेहरा यावर होतं म्हणतात, होतं पण. आईनं चाळीस वर्षं द्राक्षबागेत आणि भांगलणीत काढलीत, बोटांवर रेषा राहिल्यात कुठं. कार्ड काढायच्या केंद्रातल्या पोरानं दहाही बोटं लावून बघितली, मशीन लाल ते लालच, आई बिचारी दर वेळी पदराला बोट पुसायची आणि पुन्हा ठेवायची. दुसरा हेलपाटा तो. शेवटी घरीच मोबाईलवर आयुष्मान ॲप घेतलं, तिला सोप्यात उजेडाला बसवलं, चष्मा काढला, डोक्यावरचा पदर मागं घेतला (इथंच भांडण झालं) आणि चेहऱ्यावर पास झालं. वडीलधाऱ्यांची टोपी-फेटा पण काढून ठेवा त्या वेळेपुरता. चेहऱ्यासाठी आधार फेस आरडी नावाचं वेगळं ॲप आधीच टाकून ठेवा, आणि रेंज असेल तिथं बसा.

पुढं पत्ता, पिनकोड आणि घरच्यांची माहिती विचारतात. एक प्रश्न मात्र वाचूनच भरा, केंद्र सरकारच्या नोकरदार-पेन्शनरांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे का म्हणून. असेल तर ती योजना नाहीतर हे कार्ड, एकच ठेवता येतं. आमच्या इकडं फौजी घरटी एक असतोय, त्यांनी तर घरात बसून विचार करूनच ठरवावं, कारण ईसीएचएसमध्ये रोजची औषधंपण मिळतात आणि इथं ॲडमिट व्हावं लागतं, नुसत्या ओपीडीला हे कार्ड नाही. प्रायव्हेट मेडिक्लेम किंवा ईएसआय (कामगार विमा) असेल तर काही अडत नाही, दोन्ही चालतं.

आधीचं घरच्यांबरोबरचं आयुष्मान कार्ड असलं तरी ७० च्या वरच्यांनी केवायसी परत करून हे वेगळं काढायचं. वर्षाला ५ लाखांचं कव्हर ज्येष्ठांसाठी वेगळं मिळतं, फक्त घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर तेच ५ लाख दोघांत. बीपी-शुगर जुनी आहे म्हणून लपवायला जाऊ नका, जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरलेली आहेत. हप्ता नाही, कार्ड काढायला सरकारी फी पण नाही, कोण पाचशे मागत असेल तर सरळ उठून या.

आणि कार्ड आलं की दवाखाना आत्ताच बघून ठेवा. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत पण सगळे योजनेत नाहीत, आणि जे आहेत तिथंही हाडांचं होतं, हार्टचं होत नाही असं असू शकतं. १४५५५ ला फोन करून विचारता येतं, किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्याचं, टेबल असतं तिथं. मी दोन नावं आणि हा नंबर कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कार्डाची झेरॉक्स आईच्या गोळ्यांच्या डब्यात.

आता सोमवारी आत्याला घेऊन आधार केंद्रात जायचंय. ती आईपेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि आधारवर अजून सदुसष्टचीच आहे.