आयर्लंडच्या जुन्या रेल्वेफोटोतली गाडी आणि जागा कशी ओळखावी

फोटोत इंजिन दिसले की नजर आधी त्याच्या नंबरावर जाते, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. नंबरावरून इंजिन कळते, जागा कळत नाही. इंजिन आज कॉर्कला तर उद्या डब्लिनला. भिंत, पूल आणि डोंगर मात्र हलत नाहीत. म्हणून जागेसाठी दगड-विटा आणि काळासाठी इंजिन, अशी कामाची वाटणी आधीच करून घ्यावी.

१. स्कॅन आणि मागची बाजू

छापील फोटो ६०० डीपीआयला आणि निगेटिव्ह २४०० ला स्कॅन करा. फाइल टिफमध्ये ठेवा, कारण जेपीईजीमध्ये नंबरपाटीवरचे ३ आणि ८ एकसारखे दिसू शकतात. मागची बाजूही स्कॅन करा. पोस्टकार्डाच्या मागे मधोमध रेघ असून एकीकडे मजकूर, दुसरीकडे पत्ता असेल तर कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचे. टपालाच्या शिक्क्याने फक्त ‘यानंतरचे नाही’ एवढे ठरते. तेच चित्र दुकानात दहा-दहा वर्षे विकले जाई.

कोपऱ्यात आकडा आणि ‘डब्ल्यू. एल.’ ही अक्षरे असतील तर फोटो विल्यम लॉरेन्सच्या डब्लिनमधल्या स्टुडिओचा. त्याच्या सुमारे ४०,००० काचपट्ट्या (काचेच्या निगेटिव्ह) आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, बहुतेक १८७० ते १९१४ या काळातल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा रॉबर्ट फ्रेंच या छायाचित्रकाराने टिपलेल्या. ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत आधी तो आकडा शोधा. कधी कधी काम तिथेच संपते.

२. फोटो उलटा छापलेला नाही ना?

काचपट्टी उलटी ठेवून छापली की डावे-उजवे बदलते, आणि मग नकाशावर काहीच जुळत नाही. पाट्यांवरची अक्षरे पाहा. अक्षरे दिसत नसतील तर पुरुषांच्या कोटाकडे पाहा: सुलट फोटोत डावी बाजू उजवीवर आलेली असते. तिसरी खूण आपल्याला ओळखीची आहे. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावतात, म्हणजे दुहेरी मार्गावर आपल्याकडे येणारी गाडी चित्रात उजवीकडच्या रुळांवर दिसायला हवी. एकेरी मार्गावर आणि यार्डात ही खूण चालत नाही.

३. रूळ

आयर्लंडचा मुख्य गेज ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिमी. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ७६ मिमी कमी आणि ब्रिटनच्या १४३५ मिमीपेक्षा जास्त. फोटोवरून १६०० की १४३५ हे मोजायच्या फंदात पडू नका. कॅमेऱ्याचा कोन थोडा तिरका असला तरी हिशेब चुकतो.

३ फुटी नॅरोगेज मात्र लगेच ओळखू येतो. समोरून घेतलेल्या फोटोत डब्याची रुंदी रुळांमधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त दिसली तर नॅरोगेज, दुपटीहून कमी असेल तर मुख्य गेज. नॅरोगेज ठरला की शोध एकदम आवाक्यात येतो: डनेगॉल, लॉक स्विली, वेस्ट क्लेअर, ट्रॅली-डिंगल, कॅव्हन-लीट्रिम आणि आणखी काही मोजके मार्ग. खांबांवर उचललेला एकच रूळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणारे इंजिन दिसले तर विचारच नको. तो लिस्टोवेल-बॅलीबनियन मार्ग, १८८८ ते १९२४.

वर विजेची तार दिसली की अनेक जण फोटोला ‘१९८४ नंतरचा’ म्हणून मोकळे होतात, कारण डब्लिनची डार्ट लोकल त्या वर्षी सुरू झाली. पण डब्लिनजवळच्या हाउथच्या टेकडीवर ट्राम होती, तीही ५ फूट ३ इंचांवरच, आणि ती १९५९ पर्यंत तारेखालीच धावत होती.

४. इंजिन

आधी चाकांची मांडणी मोजा: पुढची छोटी, मधली जोडलेली, मागची छोटी. ०-६-० म्हणजे सहाही चाके जोडलेली, बहुधा मालगाडीचे इंजिन. सर्वांत जास्त वेळा भेटेल ते ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न कंपनीचे १०१ क्लास. १८६६ ते १९०३ या काळात अशी १११ इंजिने बांधली गेली आणि ती जवळजवळ सगळीकडे फिरली. त्यामुळे हे इंजिन दिसले तर जागेबद्दल काहीही ठरवू नका. त्याचा बॉयलर पाहा. केबिनच्या पुढचा भाग गोल असेल तर मूळ घडण, चौकोनी खांद्यांचा असेल तर बॉयलर पुढे बदललेला. इंजिन तेच राहते, काळ मात्र पुढे सरकतो.

नंबरांचे एक गणित पक्के ठेवा. १९२५ मध्ये आयरिश फ्री स्टेटच्या, म्हणजे स्वतंत्र झालेल्या दक्षिण आयर्लंडच्या, हद्दीतच असलेल्या कंपन्या एकत्र करून ग्रेट सदर्न रेल्वेज, म्हणजे जीएसआर, उभी राहिली. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नच्या इंजिनांचे नंबर तसेच राहिले, बाकीच्यांचे बदलले. मिडलँड ग्रेट वेस्टर्नची इंजिने बहुतेक ५०० ते ६०० च्या घरात गेली. डब्लिन अँड साउथ ईस्टर्नचे १५ नंबरचे इंजिन ४६१ झाले. एकच इंजिन, दोन नंबर. फोटोत कोणता आहे त्यावरून १९२५ च्या अलीकडचा की पलीकडचा ते कळते.

नॅरोगेजच्या नंबरांना जीएसआरने अक्षर जोडले: टी म्हणजे ट्रॅली-डिंगल, सी वेस्ट क्लेअर, एल कॅव्हन-लीट्रिम. इथे फसगत ठरलेली. ‘५टी’ दिसले की लोक ट्रॅली लिहून टाकतात, पण हेच इंजिन १९५० च्या दशकात कॅव्हन-लीट्रिमवर काम करत होते. अक्षर इंजिनाचे माहेर सांगते, ते सध्या कुठे नांदते आहे हे नाही. नंबराच्या शेवटी एन असेल तर मात्र काळ नेमका मिळतो. ते सीमेच्या दोन्ही बाजूंना धावणाऱ्या ग्रेट नॉर्दर्न कंपनीचे इंजिन, कंपनीच्या १९५८ च्या वाटणीत सीआयईकडे, म्हणजे दक्षिणेच्या राष्ट्रीय वाहतूक कंपनीकडे, आलेले.

डिझेल सोपे आहे. १९५५-५६ च्या ए क्लासवर ए१ ते ए६० असे नंबर. मूळ मशीन काढून जनरल मोटर्सचे बसवले की नंबराच्या शेवटी आर, आणि हे काम १९६८ ते १९७१ मध्ये झाले. ‘ए२३आर’ असे दिसले तर फोटो १९६८ पूर्वीचा असूच शकत नाही.

५. रंग आणि बोधचिन्ह

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग फसवतात. जुन्या काचपट्टीवर लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिका पडतो. त्यामुळे ग्रेट नॉर्दर्नचे आकाशी इंजिन राखाडी दिसते आणि त्याची लाल चौकट काळी. बोधचिन्ह जास्त भरवशाचे. पाण्याच्या टाकीवर पंख फुटलेल्या गोगलगाईसारखी खूण असेल तर सीआयई, १९४५ ते १९६४. त्यानंतर तुटक चाकाचे चिन्ह आले. उत्तर आयर्लंडमध्ये वर्तुळात लाल पंजा असेल तर अल्स्टर ट्रान्सपोर्ट अथॉरिटी, म्हणजे १९४८ नंतर.

६. जागा

आता इंजिन विसरा. स्टेशनाची पाटी वाचता आली तरी दोनदा तपासा. लिमरिक जंक्शन हे लिमरिक शहरात नाही, ते टिपररी परगण्यात सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. नावेही बदलली. १९२० मध्ये किंगस्टाउनचे डन लीरी आणि क्वीन्सटाउनचे कोव्ह झाले. १९६६ मध्ये, ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावापायी फाशी वा गोळ्या झेललेल्या नेत्यांची नावे पंधरा स्टेशनांना दिली गेली: किंग्सब्रिज झाले ह्यूस्टन, अमियन्स स्ट्रीट झाले कॉनोली, वेस्टलँड रो झाले पीअर्स.

पाटी नसेल तर इमारत बोलते. फिक्या विटांत गडद पट्टे असतील तर ग्रेट नॉर्दर्न आणि तिचा अभियंता डब्ल्यू. एच. मिल्स. लाकडी चौकटी दाखवणारी खोट्या जुन्या घरांची शैली असेल तर उत्तरेकडचा बर्कली डीन वाइज. पोर्टरश स्टेशन त्याचेच.

मग नकाशा. आयर्लंडचे जुने २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे ऑनलाइन पाहता येतात. त्यांचे प्रमाण १:२५००, म्हणजे १०० मीटरचा फलाट ४ सेंटीमीटर. ६ इंची नकाशावर तोच फलाट जेमतेम १ सेंटीमीटर, म्हणून सांधे आणि केबिनी जुळवायला २५ इंचीच घ्या. त्यावर एस.बी. म्हणजे सिग्नल केबिन, एफ.बी. पादचारी पूल, एम.पी. मैलाचा खांब. फोटो पाहून कागदावर चार गोष्टी लिहा: इमारत रुळांच्या कोणत्या बाजूला, पूल केबिनच्या अलीकडे की पलीकडे, मालधक्का कुठे, रूळ कोणत्या हाताला वळतात. चारपैकी तीन जुळल्या म्हणजे ओळख पटली असे नाही. न जुळलेली चौथी पुढे बांधली किंवा पाडली गेली, हे दाखवता आले पाहिजे.

सावलीचा आधार घ्या. दुपारची सावली उत्तरेला पडते. डब्लिनला डिसेंबरच्या मध्यान्ही ती उंचीच्या चौपटीहून लांब, जूनमध्ये निम्म्याहून थोडी जास्त. स्टेशनातले घड्याळ दिसत असेल तर सांभाळून: १९१६ पर्यंत ते डब्लिनची वेळ दाखवी, ग्रिनिचपेक्षा २५ मिनिटे मागे.

७. दोन्ही टोके बांधा

ड्रॉहेडाचा बॉयन पूल घ्या. १८५५ च्या मूळ पुलावर दोन स्वतंत्र मार्ग होते. १९३२ मध्ये लोखंडी काम नवे झाले आणि दोन्ही मार्गांचे रूळ एकमेकांत गुंतवून मधोमध आणले गेले. ग्रेट नॉर्दर्नची जड व्ही क्लास इंजिने, ईगल, फाल्कन वगैरे, आली तीही १९३२ सालीच. जुन्या पुलाला त्यांचे वजन झेपले नसते. त्यामुळे सुट्या दोन मार्गांवर ‘ईगल’ धावताना दिसली तर पूल तरी दुसरा आहे किंवा इंजिन तरी. प्रत्येक फोटोसाठी अशी ‘याआधीचा नाही’ आणि ‘यानंतरचा नाही’ ही दोन वर्षे काढा, आणि दोन्हींसाठी वेगवेगळे पुरावे वापरा.

नोंद लिहिताना ‘ड्रॉहेडा, १९३५’ असे ठोकून देऊ नका. ‘ड्रॉहेडा, बॉयन पूल (गुंतवलेल्या रुळांवरून नक्की), १९३२ नंतर (पूल), १९५८ पूर्वी (ग्रेट नॉर्दर्नची अक्षरे, नंबराला एन नाही)’ असे कारणासकट लिहा. मूळ मथळा चुकीचा वाटला तरी खोडू नका, त्याच्याखाली आपली नोंद जोडा.