महाधमनीतला फुगा (रिबोआ): या चुका टाळा

उमरेड किंवा बुटीबोरीकडे अपघात झालेला पेशंट नागपुरात कॅज्युअल्टीत येईस्तोवर बराच वेळ गेलेला असतो. कमरेचं हाड मोडलेलं, पोट फुगलेलं, बीपी 60. अशा वेळी जांघेतल्या धमनीतून महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, फुगा नेऊन खाली जाणारं रक्त अडवता येतं. मेंदूला आणि हृदयाला रक्त मिळतं, पण फुटलेली जागा तशीच राहते.

म्हणून सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे ओटी आणि सर्जन तयार नसताना फुगा फुगवणं. छातीच्या पातळीवर, म्हणजे झोन 1 मध्ये, फुगवला की यकृत, आतडी, किडनी सगळ्यांचा पुरवठा बंद होतो. तिथे 15 मिनिटांत मोकळं करायला बघा, 30 च्या पुढे नकोच. कमरेच्या हाडासाठी किडनीच्या धमन्यांखाली, झोन 3 मध्ये फुगवतात. तिथेही तासाच्या आतच. फुगवलेल्या फुग्यासह पेशंट दुसरीकडे रेफर केला, तर ही मिनिटं वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्येच संपतील. फुगवल्याची वेळ मांडीवरच्या चिकटपट्टीवर ठळक लिहा. केसपेपरमधली वेळ ओटीत कुणाला सापडत नाही.

नाडी लागत नसली की घाईत सुई खाली टोचली जाते आणि शीथ (फुगा आत न्यायची नळी) बारीक धमनीत बसते. पाय जातो तो इथे. सोनोग्राफी लावून धमनी जिथे दुभंगते त्याच्या वर, पण इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या आडव्या पट्ट्याच्या) खाली टोचा. त्याहून बरं, बीपी पुरतं कोसळण्याआधीच तिथे साधी आर्टिरियल लाइन (बीपी मोजायची धमनीतली बारीक नळी) घालून ठेवा.

छातीत रक्तस्राव असेल तर फुगा नको, रक्तस्राव वाढतो. आधी एक्स-रे बघा.

ब्रिटनमधल्या 90 पेशंटांच्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये आले. 90 दिवसांत फुग्याच्या गटात 54 टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत 42. त्यामुळे फुग्यापायी साध्या गोष्टी लांबवू नका, हे मी रेसिडेंट्सना कळकळीने सांगतो. बाइंडर (कमरेचं हाड आवळून धरणारा पट्टा) नसेल तर चादर घट्ट बांधा. बहुतेकदा ती पोटावर बांधली जाते, बांधायची खुब्यांवर. रक्त लगेच मागवा, ट्रॅनेक्झॅमिक (रक्तस्राव कमी करणारं औषध) इजेपासून 3 तासांच्या आत द्या.

फुगा सोडताना भूलतज्ज्ञांना आधी सांगा आणि हळूहळू सोडा; एकदम सोडला तर बीपी कोसळतं, पोटॅशियम चढतं. शीथ काढल्यावरही पायाची नाडी डॉपलरने (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) पुन्हा पुन्हा तपासा, पहिल्या रात्री तर नक्कीच.