मोंटानात नवीन आलात? आधी गरी, मग बंदूक

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, मिझुला शहरात किंवा बिटररूट नदीच्या खोऱ्यात नोकरीनिमित्त आलेली आपली माणसं थोडी स्थिरावली की हमखास विचारतात, "इथे जो तो मासे गरवायला आणि शिकारीला जातो, आपल्याला जमेल का?" नक्की जमेल. फक्त पहिलं वर्ष पाण्यावर काढा, बंदुकीची घाई करू नका.

कारण सरळ आहे. इथे नदीवर सगळ्यांचा हक्क आहे, जमिनीवर नाही. 1985 च्या कायद्यानुसार भरल्या पाण्याची रेषा जिथवर जाते तिथवर नदीच्या पात्रात कुणीही उतरावं, चालावं, गळ टाकावा. काठचं शेत कुणाचंही असो. मात्र पात्रात पोचण्यासाठी त्या शेतातून जायचं नाही. सार्वजनिक रस्त्याच्या पुलापाशी उतरा किंवा राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने बांधलेल्या जागांवरून. अशा जागा राज्यभर 300 हून जास्त आहेत. पात्रात कुंपण किंवा बांधासारखा माणसाने घातलेला अडथळा आडवा आला तर काठावरून जेमतेम वळसा घालता येतो, तेवढाच.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून ब्लॅकफूट आणि क्लार्क फोर्क या नद्या गढूळ होऊन दुथडी वाहतात. तेव्हा पात्रात पाऊल घालू नका, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. खरी मजा पाणी उतरल्यावर, जुलैपासून. पण उन्हाळ्यात पाणी तापलं की ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून खातं काही नद्यांवर दुपारी 2 पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतं. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती बघा.

मासा ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं. कटथ्रोट जातीच्या ट्राउटच्या जबड्याखाली केशरी-लाल रेघ असते. बुल ट्राउट हा संरक्षित मासा. त्याच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका अजिबात नसतो. इथे पोरांनाही शिकवतात, काळं दिसलं नाही तर परत सोड. सोडताना हात आधी पाण्यात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाने मरतो. कल्ल्यांत बोटं घालू नका, पाण्यातच धरून गरी काढा, तोंड प्रवाहाकडे करा आणि तो आपणहून सुटेपर्यंत थांबा. गरीचा उलटा दात पकडीने आधीच दाबून टाकला तर हे काम क्षणात होतं.

मासेमारी-शिकारीच्या लायसन्सचं वर्ष 1 मार्चपासून सुरू होतं. रहिवाशाचा स्वस्त दर मिळायला राज्यात सलग 180 दिवस राहिलेलं असावं लागतं, शिवाय गाडीची नोंदणी आणि आयकरही इथलाच. त्याआधी "आता इथेच राहतो की" म्हणून रहिवाशाचं लायसन्स घेतलंत तर तो गुन्हा ठरतो. फ्लॅटहेड रिझर्व्हेशन म्हणजे मूळ अमेरिकन जमातींच्या राखीव प्रदेशाच्या हद्दीत वेगळा परवाना लागतो आणि जमातीबाहेरच्यांना तिथे हरणं आणि एल्कची (मोठ्या जातीच्या हरणाची) शिकार करता येत नाही.

आता शिकार. एच-वन-बी किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स हातात असेल तर त्याला अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची रायफलसुद्धा हातात घेऊ नका. व्हिसा पणाला लावण्याइतकं एल्कचं मटण मोठं नाही. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मला तो मार्ग नवख्यांसाठी जास्त आवडतो, कारण जनावराच्या जवळ जायला शिकावंच लागतं.

1 जानेवारी 1985 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा. रायफलचा मुख्य हंगाम ऑक्टोबरअखेर ते थँक्सगिव्हिंगनंतरचा (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणानंतरचा) रविवार. त्या काळात कमरेच्या वर भडक नारिंगी कपडे घालायचे. नुसतं फिरायला निघालात तरी घाला.

खाजगी जमिनीवर पाटी असो वा नसो, मालकाची परवानगी हवीच. परवानगी मागायला ऑगस्टमध्ये जा, हंगामाच्या पहाटे नव्हे. गाडी अंगणाबाहेर उभी करा, नाव सांगा, कुठे राहता, किती जण येणार, कोणत्या दिवशी, गाडी कुठे लावणार ते सांगा. "नाही" म्हणाले तर आभार मानून निघा. आपलं नाव-गाव नवं वाटतं म्हणून लोक चार प्रश्न जास्त विचारतील, मोकळेपणाने उत्तरं द्या. ओळख नसेल तर ब्लॉक मॅनेजमेंटची जमीन बघा: शेतकऱ्यांनी खात्याशी करार करून शिकारीला खुली ठेवलेली, फुकट. बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेच्या पेटीतली चिठ्ठी भरून टाकली की आत जाता येतं.

जनावर पडलं की लायसन्सबरोबर मिळालेली त्या जनावराची चिठ्ठी, म्हणजे टॅग, लगेच वैध करा, खाण्याजोगं मांस रानात सोडू नका, आणि सोलताना एकाने अस्वल पळवायचा तिखट स्प्रे हातात धरून चौफेर लक्ष ठेवा. रक्ताचा वास ग्रिझली अस्वलाला लांबून लागतो.