उठताना बीपी उतरतं आणि म्हातारी माणसं पडतात: या चुका टाळा

घरातलं वयस्कर माणूस पडलं की आधी दोष फरशीला. मग पायपुसणं बदललं जातं, नवी चप्पल येते, बाथरूममध्ये धरायला दांडा बसतो. हे सगळं हवंच, पण पडायच्या आधी ते नुकतेच उठले होते का, हे कोणी विचारतच नाही. मी घरोघरी जाऊन पेशंटचं नर्सिंग करते, आणि मी हे विचारलं की फार वेळा उत्तर येतं, "हो ना, आत्ताच पलंगावरून उठले होते."

ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो ती म्हणजे बीपी फक्त बसवून मोजणं. बसलेल्या माणसाचा आकडा बसलेल्या माणसाचाच असतो, तो पडणार की नाही ते त्यातून कळत नाही. आपण उभे राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांना ते लगेच जाणवतं, नाडी थोडी वाढते, शिरा आवळतात आणि मेंदूला रक्त मिळत राहतं. वयाबरोबर हे सगळं मंदावतं, डायबेटीस किंवा पार्किन्सनमध्ये तर आणखीच, आणि वरून गोळ्या असतातच.

एका आजोबांकडे मला बोलावलं होतं, ते रात्री बाथरूमच्या दारात दोनदा पडले होते. सूनबाईंनी वहीत रोजचं बीपी मनापासून लिहिलेलं, सगळे आकडे 130 च्या आसपास, सगळे खुर्चीत बसून घेतलेले. मी त्यांना 5 मिनिटं शांत आडवं झोपवलं, तेव्हा 146/80 आलं, मग उभं केलं आणि मिनिटाभरात 108/64. आजोबा मला सांगतायत "मला काही होत नाही हो सिस्टर" आणि त्यांचे गुडघे थरथरतायत. हेच तर भीतीचं आहे, बऱ्याच जणांना चक्कर अशी येतच नाही, नुसते पाय लटपटतात, नजर अंधुक होते, मान-खांदे दुखतात, किंवा काहीच न जाणवता तोल जातो. गोळ्यांचा डबा उघडला तर प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची, बीपीही उतरवू शकणारी एक गोळी नवीन सुरू झालेली, आणि बीपीची गोळी त्याच वेळेला. दोन गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांच्या, एकाला दुसऱ्याची माहिती नाही. झोपून आणि उभं राहून घेतलेले आकडे आणि सगळ्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून दिली, त्यावरून डॉक्टरांनी गोळी आणि वेळ दोन्ही बदललं.

तर मोजायचं असं: 5 मिनिटं आडवं, मग बीपी, मग उभं करून 1 मिनिटाने आणि परत 3 मिनिटांनी. हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला, मागे खुर्ची, शेजारी धरायला माणूस, आणि गरगरायला लागलं तर मोजणं सोडून लगेच बसवा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवायचंच. नाडीही लिहा, बीपी इतकं उतरूनही ती फारशी वाढली नसेल तर दोष मज्जातंतूंमध्ये (नर्व्ह्जमध्ये) असू शकतो. आणि कृपा करून हे सकाळी उठल्या उठल्या करा, तेव्हाच उतार सगळ्यात जास्त दिसतो. दुपारी एकदा मोजून "नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यांना काय सांगावं!

दुसरी चूक घाई. नवीन काळजीवाहक मुलंमुली हाताला धरून "चला चला आजी, उठा" करतात, आणि आजी बिचाऱ्या त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून झटकन उठतात. माझी पद्धत ठरलेली आहे, आधी पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवायची, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, तिथे एखाददोन मिनिटं गप्पा मारायच्या, मग धरून उभं राहायचं, जागेवरच थोडं थांबायचं आणि मगच पाऊल. रात्री लघवीला पुरुषांनीसुद्धा बसूनच जावं, आणि पॉट पलंगाशी ठेवला तर उत्तमच. यात कमीपणा काही नाही.

रात्री उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी करणं, ही चूक घराघरात दिसते. उलट सकाळी उठायच्या आधी अर्धा लिटर पाणी भराभर प्यायलं तर काही मिनिटांत बीपी सावरतं, फक्त हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. मीठ वाढवणंही विचारूनच.

पोटभर जेवून लगेच उठू नका, जेवणानंतरच्या दोनेक तासांत बीपी उतरू शकतं.

गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालून निर्धास्त होऊ नका, पोटाचा पट्टा जास्त कामाचा.

बीपीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढलेलं बीपी तसंच राहिलं तर उठतानाचा उतार आणखी वाढतो.

सकाळचा हा उतार कमी व्हावा म्हणून झोपताना डोकं उंच करायचं तर मानेखाली उश्या रचू नका, पलंगाचे डोक्याकडचे पायच 10 ते 20 सेंटिमीटर उचला.

अंधारी आली की लोक माणसाला काखेत धरून उभंच ठेवतात, पाणी पाजायला बघतात. तसं नको, तिथेच आडवं करा आणि पाय वर उचला. पडताना डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते नीट बोलत असले, "मी बरा आहे" म्हणत असले तरी त्याच वेळी हॉस्पिटलला न्या, सकाळची वाट बघू नका.