काहीच वाटेनासे होते तेव्हा

भावनांविषयी बोलताना आपण बहुधा म्हणतो की राग आला, रडू आले, वाईट वाटले, हायसे वाटले. भावना आपण करत नाही, ती आपल्याकडे येते, हे आपली भाषाच सांगते, आणि म्हणूनच ती यायची थांबली की माणूस गोंधळून जातो. जे स्वतः कधी केलेच नव्हते ते पुन्हा सुरू कसे करायचे? जवळच्या माणसाच्या दुःखात डोळे कोरडे राहतात, आनंदाच्या बातमीवर तोंडदेखले हसू येते, आवडते गाणे कानावर पडते पण आत पोचत नाही. "तुला काय झाले आहे?" या प्रश्नाला दिलेले "काही नाही" हे उत्तर खोटे नसते, कारण आत खरोखरच काही हललेले नसते. या अवस्थेला भावनिक बधिरता म्हणतात. भावनेला हुकूम सोडता येत नाही. मात्र आपण काय केले आणि काय केले नाही याचा हिशोब मांडणे आपल्या हातात असते, आणि तो प्रामाणिकपणे मांडू लागल्यावर अडलेली वाट हळूहळू मोकळी होते, असा माझा विश्वास आहे. तो कसा मांडावा हे पुढे सांगितले आहे.

बधिरता हा दुष्टपणा नाही आणि आळसही नाही. दीर्घकाळचा ताण, घरातले लांबलेले आजारपण, एखादा मोठा धक्का किंवा रोजची भांडणे सोसताना तग धरता यावा म्हणून मन आखडून घेते. आपण त्याला मनावर दगड ठेवणे म्हणतो, आणि काही काळ तो ठेवावाच लागतो. अडचण अशी की त्या दगडाखाली फक्त दुःख दबत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १८० विद्यार्थिनींना दुःखद, साधे आणि विनोदी असे चित्रफितींचे तुकडे दाखवले होते, आणि त्यांतील निम्म्या जणींना मनातले चेहऱ्यावर दिसू देऊ नका असे सांगितले होते. भावना लपवणाऱ्या मुलींना गंमत कमी वाटली, आणि दुःखद व विनोदी तुकडे पाहताना त्यांच्या हृदयावर व रक्ताभिसरणावर अधिक ताण आलेला आढळला. म्हणजे वरून शांत दिसणारे शरीर आत राबतच होते, आणि आनंद मात्र उणावला होता.

आधी एक गोष्ट तपासून घ्यावी

पुढचे काहीही करण्यापूर्वी बधिरतेमागे आजार किंवा औषध नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्यावरच्या काही औषधांमुळेही भावना बोथट झाल्यासारखे वाटते. तसे वाटल्यास औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. अत्याचार किंवा अपघातानंतर आलेली बधिरता तज्ज्ञाच्या सोबतीनेच हाताळावी. आणि जो अजूनही छळ होत असलेल्या घरात राहतो आहे, त्याने आत्मपरीक्षणाच्या मागे न लागता आधी सुरक्षित जागा शोधावी. तिथे त्याची बधिरताच त्याला सांभाळते आहे. जीव नकोसा वाटत असेल तर हा मजकूर बाजूला ठेवून त्याच क्षणी कोणाशी तरी बोलावे.

शरीरापासून सुरुवात

"मला काय वाटते?" हा प्रश्न बधिर माणसाला विचारून उपयोग नसतो, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. काही जणांना तर भावना ओळखणे आणि शब्दांत सांगणे मुळातच अवघड जाते. पीटर सिफनिओस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात त्यासाठी 'अलेक्झिथायमिया' हा शब्द रूढ केला. म्हणून प्रश्न बदलावा आणि शरीराला विचारावे. दिवसातून दोन ठरावीक वेळी, मिनिटभर थांबून, जबडा आवळलेला आहे का, खांदे वर चढले आहेत का, घसा कोरडा आहे का, पोटात गोळा आहे का, एवढेच पाहावे आणि एका ओळीत नोंदवावे: जागा, वेळ, त्या वेळी काय चालू होते. अर्थ लावू नये. आठवड्याभराच्या ओळी एकत्र वाचल्या की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात, उदाहरणार्थ विशिष्ट माणसाचा फोन आला की दरवेळी जबडा आवळतो. त्यानंतर नाव शोधावे, आणि ते शक्य तितके नेमके असावे. 'बरे वाटत नाही' यापेक्षा 'चीड', 'ओशाळलेपण', 'धास्ती', 'हेवा' हे शब्द अधिक कामाचे आहेत.

वही आणि क्रियापदे

मग लिहायला बसावे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहिले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहून झाल्याबरोबर अधिक वाईट वाटले, पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. हे मुद्दाम सांगते, कारण लिहिल्यावर हलके वाटले नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी वही मिटणारे पुष्कळ जण असतात. चार दिवस आणि रोज १५ मिनिटे एवढे परिमाण सुरुवातीला पुरेसे आहे; शुद्धलेखनाकडे पाहू नये आणि हे कोणाला वाचायला द्यायचे आहे असेही समजू नये.

या लेखनात सर्वांत जास्त लक्ष क्रियापदांकडे द्यावे, असे मी अनुभवाने सांगेन. बधिर माणसाच्या वहीत 'राहून गेले', 'जमले नाही', 'होऊन गेले', 'विषयच निघाला नाही' अशी वाक्ये पानोपानी सापडतात. घटना आपोआप घडत जातात आणि करणारा कुठेच नसतो. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा मी तिला "काही लागले तर कळव" असा निरोप पाठवला आणि पुन्हा कामाला लागले. आठ महिन्यांनी वहीत लिहिले, 'तिच्याकडे जायचे राहून गेले.' वाचून काहीच वाटले नाही. ते खोडून लिहिले, 'मी तिच्याकडे गेले नाही.' तरीही काही नाही. त्याखालची ओळ लिहायला बराच वेळ लागला: 'मी गेले नाही, कारण तिच्या रडण्यासमोर कोरड्या डोळ्यांनी बसावे लागेल याची मला धास्ती होती, आणि तिने काही कळवले नाही तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले.' पेन खाली ठेवले तेव्हा माझे कान तापले होते. कित्येक महिन्यांत शरीराने दिलेली ती पहिली खूण होती, आणि ती सुखाची नव्हती.

तुम्हीही वहीतले प्रत्येक 'राहून गेले' शोधून त्या जागी 'मी केले नाही' असे लिहावे, आणि जिथे ते लिहिताना हात अडखळतो तिथे 'कारण' हा शब्द लिहून वाक्य पुरे करावे. कारण खरे असेल तर ते बहुधा थोडे लाजिरवाणे असते. 'वेळ नव्हता' हे कारण मी स्वतःपुरते तरी मान्य करत नाही.

आपल्या वाट्याचे तेवढेच

इथे एक धोका आहे. हिशोब मांडता मांडता माणूस स्वतःला झोडपू लागतो, आणि झोडपणे हेही जबाबदारी टाळण्याचेच एक रूप आहे, कारण 'मी वाईटच आहे' असे म्हटले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. 'मी हे चुकीचे केले' या वाक्यातून दुरुस्तीची वाट निघते. 'मी चुकीचा आहे' या वाक्यातून फक्त तोंड लपवावेसे वाटते. पहिला अपराधभाव आहे, दुसरी शरम आहे, आणि दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. त्याचप्रमाणे जे आपल्यावर लादले गेले त्याची जबाबदारी आपली नाही. लहानपणी रडल्यावर मार खाल्लेल्या माणसाने डोळे कोरडे करायला शिकणे ही त्याची चूक नव्हे. पण आज आपल्या मुलाच्या रडण्याकडे त्याने पाठ फिरवली तर ती कृती त्याची आहे. पान उभे दुमडून एका बाजूला 'माझ्यावर आलेले' आणि दुसऱ्या बाजूला 'मी केलेले' असे लिहिले की ही सरमिसळ पुष्कळशी सुटते.

आणखी एक पथ्य असे की तीच ओळ सलग तीन दिवस वहीत उतरू लागली तर लिहिणे थांबवावे. ते आत्मपरीक्षण उरलेले नसते, नुसते उगाळणे झालेले असते, आणि उगाळण्याने नैराश्य वाढते. तिथून कृतीकडेच वळायला हवे.

दुरुस्ती

'मी केलेले' या बाजूच्या यादीतील एकच गोष्ट निवडावी, आणि शक्यतो सर्वांत मोठी निवडू नये. ज्याचे देणे आहे त्याला भेटून किंवा फोन करून काय केले ते नेमके सांगावे, त्याचा त्याच्यावर काय परिणाम झाला असेल ते मान्य करावे, आणि माफी मागावी. त्या वाक्यात 'पण' येऊ देऊ नये. "तेव्हा मला काहीच वाटत नव्हते" हे खरे असले तरी तिथे सांगण्याची ती गोष्ट नव्हे, कारण ते ऐकून समोरचा माणूस आपलेच सांत्वन करू लागतो. त्याने माफ करावे अशी अपेक्षाही धरू नये. तो त्याचा अधिकार आहे. आपल्या बोलण्याने त्याची जखम नव्याने उघडणार असेल किंवा त्याने संबंध तोडून शांतता मिळवली असेल, तर संपर्क न करणे हीच दुरुस्ती समजावी.

माफीपेक्षा अवघड काम पुढचे असते. दर रविवारी फोन करीन असे म्हटले तर काही वाटो न वाटो, रविवारी फोन करावा. आधी इच्छा व्हावी आणि मग कृती करावी, हा क्रम बधिर अवस्थेत चालत नाही. नैराश्याच्या उपचारांतही कृतीपासून सुरुवात करण्याची पद्धत रुळलेली आहे. वचन लहान असावे, त्याला दिवस आणि वेळ असावी, आणि चुकले तर 'राहून गेले' न म्हणता तसे सांगावे.

भावना परतू लागतात तेव्हा आधी क्वचितच आनंद येतो. क्षुल्लक गोष्टीवर चिडचिड होते, भलत्याच वेळी डोळे भरतात, दुपारी गळून गेल्यासारखे होते. बिघडत चालले आहे असे समजून बरेच जण इथेच पुन्हा दगड ठेवतात. त्या दिवसांत मोठे निर्णय टाळावेत, झोप मोडू देऊ नये, आणि एका विश्वासाच्या माणसाला आपले काय चालले आहे हे सांगून ठेवावे.

मी मैत्रिणीकडे गेले तेव्हा तिने माझे ऐकून घेतले आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्यानंतर चौथ्या की पाचव्या भेटीत तिने कपाटातून आईचा चष्मा काढून दाखवला. त्याची एक दांडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली होती, आणि गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर मेण लावलेले होते. त्या दिवशी घरी येऊन मी वहीत एक ओळ लिहिली: घसा, संध्याकाळी, चष्मा हातात घेतला तेव्हा.